एका डोळ्यासाठी हेल्मेट

वेल्डिंगच्या दुकानात कोपऱ्यात एक डबा असतो. जळून उरलेले रॉडचे तुकडे त्यात टाकायचे. कुणी मोजत नाही, कुणी मुद्दाम साठवत नाही. मग एक दिवस कुणाचा तरी पाय लागून डबा आडवा होतो आणि कळतं, अरे, केवढे साचले! आमच्या रविवारच्या मंडळीचे किस्से असेच साचले आहेत. परवा एकानं सहज विचारलं, "सर, ते आपोआप काळं पडणारं वेल्डिंगचं हेल्मेट घ्यायचं आहे, हौसेपुरतं. कोणतं घेऊ?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझा डबाच आडवा झाला. एका वाक्यात उत्तर देता येईना. आता तुम्हीच ऐका.

आधी मंडळी सांगतो. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेला लागून गुलाबभाऊंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. भाऊ साठीला टेकलेले, बोलणं कमी, रागावले तर त्याहून कमी. रविवारी दुकान बंद असतं, पण शटर अर्धं वर असतं, कारण आम्ही तीन हौशी माणसं तिथे शिकायला जातो. एक सानगडीचा देवानंद, धानाचा शेतकरी, स्वतःची अवजारं स्वतः जोडायची म्हणून येतो. दुसऱ्या मंगलाताई, भंडाऱ्यात शिवणकामाचं दुकान चालवतात आणि लोखंडी सळ्यांचे दिवे, स्टँड करतात. तिसरा मी, शाळेतून निवृत्त झालेला चित्रकलेचा मास्तर.

आणखी एक आत्ताच सांगून टाकतो. मला एकच डोळा आहे. आमचं घर विणकरांचं. मी सात वर्षांचा असताना आईच्या मागावरून धोटा उडाला. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागाच्या या टोकाहून त्या टोकाला पळणारी छोटी लाकडी नाव, दोन्ही टोकांना लोखंड. तो माझ्या डाव्या डोळ्यात लागला. आई पुढे तीस वर्षं विणत होती, पण मी खोलीत आलो की तिचे हात थांबायचे. मी बाहेर गेलो की पुन्हा माग सुरू. तीस वर्षांत ती एकदाही विसरली नाही.

तो माग आता माझा भाऊ चालवतो. मला वेल्डिंग शिकायचं होतं ते त्या मागाला दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी बसवण्यासाठी, धोटा उडाला तरी बाहेर जाऊ नये म्हणून. कुणाही वेल्डरनं दोन तासांत करून दिली असती. पण मला ती माझ्या हातानं करायची होती. याला हौस म्हणा, नाहीतर म्हातारपणीचा हट्ट म्हणा!

*

पहिला रविवार. त्यासाठी गुलाबभाऊंची पद्धत सांगायला हवी.

दोन तुकडे जागेवर धरून आधी ठिपक्याएवढा जोड मारतात, त्याला टॅक म्हणतात. एका हातात रॉडचा होल्डर, दुसऱ्या हातात लोखंड. मग काळ्या काचेची स्क्रीन डोळ्यांपुढे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून आपल्याकडचे जुने कारागीर टॅक मारताना डोळे मिटून घेतात. आधी नेम धरायचा, मिटायचं, मारायचं. आणि मारण्याआधी गुलाबभाऊ खर्जात ओरडतात, "मिटा!"

दुकानातले सगळे मिटतात. शेजारचा चहावाला मिटतो. दारातला कुत्रासुद्धा तोंड फिरवतो. खोटं वाटत असेल तर कुठल्याही रविवारी येऊन पाहा!

त्या दिवशी भाऊ "मिटा!" म्हणाले आणि मी डोळा तर मिटलाच, वर अख्खा वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. टॅक झाल्यावर भाऊंनी विचारलं, "सर, तुम्ही भिंतीकडे काहून वळले? मिटलं की पुरते."

मी कारण सांगितलं. त्यांनी होल्डर खाली ठेवला, मशीन बंद केली, जवळ येऊन माझा डावा काचेचा डोळा नीट पाहिला.

"मी तुमाले शिकवत नाई."

"का हो भाऊ?"

"दोन डोळेवाल्याचा एक गेला त एक राह्यते. तुमचा गेला त मी काय देऊ?"

पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बसलो. त्याच्या पुढच्याही. देवानंद आणि मंगलाताई शिकायचे, मी ब्रशनं लोखंड साफ करून द्यायचो, आणि "मिटा!" ऐकलं की भिंत. त्या भिंतीवर कुठे पोपडे आहेत ते मला आजही पाठ आहे.

चौथ्या रविवारी भाऊच म्हणाले, "ते आपोआप काळं होनारं हेल्मेट येते म्हंतेत. आना. पहिले मी घालून पाहीन. माह्या डोळ्याले पटलं त तुमच्या डोळ्याले. नाई पटलं त विषय खतम."

मला एवढंच ऐकायचं होतं.

*

हेल्मेट घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या माझ्या विद्यार्थिनी. शाळेत त्यांची चित्रं यथातथाच होती, पण रेष सरळ यायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे स्पेअर नाही."

"म्हणून तर आलो."

मग त्यांनी समजावलं. या हेल्मेटच्या काचेत दोन गोष्टी असतात. एक, ठिणगी पडताच काळं होणं. ते डोळे दिपू नयेत म्हणून. दुसरी, डोळा भाजणारे न दिसणारे किरण अडवणारा थर. तो काच काळी असो नसो, कायम आपलं काम करतो.

"म्हणजे बॅटरी संपली तरी?"

"तरीही. डोळे दिपतील, ताबडतोब थांबायचं, पण भाजणार नाही. चांगल्या काचेत, सर. चांगल्या! प्रमाणित असल्याचा शिक्का नसेल तर हातही लावू नका."

नंतर औषध लिहितात तसं कागदावर लिहून दिलं. हेल्मेटच्या आत न फुटणारा साधा गॉगल, नेहमी. कारण हेल्मेट वर करून आपण जोडावरचा पापुद्रा ठोकतो, तेव्हाच कण उडतात. जवळचं दिसायला नंबराची काच आत बसवता येईल असं हेल्मेट. आणि डोक्यावर घट्ट बसणारं, मान हलली की घसरणारं नको.

मी कागद घेऊन बाहेर आलो. सवयीनं शेजारच्या मेडिकलमध्ये दिला. दुकानदारानं खालून वर, वरून खाली वाचला आणि गंभीरपणे म्हणाला, "हेल्मेट संपले. नी-कॅप देऊ का?"

*

पहिलं हेल्मेट देवानंदनं मोबाईलवरून मागवलं. स्वस्तात मिळालं म्हणून खूश. त्यावर कवटी आणि जाळाचं चित्र होतं. मी साठीचा मास्तर, घरात ते हेल्मेट पाहून बायको म्हणाली, "हे घालून तुम्ही भावाकडे जाळी बसवायला जाणार?"

काच खरंच काळी होते का ते पाहायला गॅस पेटवायचा लायटर समोर धरून दाबतात. ठिणगी उडाली की काच काळी. देवानंद ते दोन दिवस तपासायला म्हणून सानगडीला घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"सर, टीव्हीचा रिमोट दाबला तरी काळं होते! चॅनल बदललं का काळं!"

घरचे सगळे आळीपाळीनं हेल्मेट घालून टीव्हीपुढे बसले होते म्हणे. त्याच्या वडिलांनी निकाल दिला, "सासू-सुनेची सिरियल लागली का दाबत जा."

रविवारी भाऊंनी ते डोक्यावर चढवलं. पट्टा सैल, शिक्का कुठेच नाही, ते त्यांनी बोटानं दाखवलंच. तरी कबूल केल्याप्रमाणे मशीन लावली. "मिटा!" टॅक मारला. हेल्मेट वर केलं.

"नाई चालत. यात त अंधारच अंधार हाय. रॉड लागला का काईच दिसत नाई."

ते हेल्मेट देवानंदनं धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, काठीवर उभं केलं. पाखरं येत नाहीत म्हणतो. आणि रोज ऊन चढलं की ते आपोआप काळं होतं!

*

देवानंदचं नाव निघालं म्हणून हे सांगतो. यात हसण्यासारखं फारसं नाही.

एकदा त्यानं घरीच भाड्यानं मशीन आणून नांगराचा फाळ जोडला. डोळ्यांवर बाजारातला काळा गॉगल, उन्हात घालतात तो. दुपारी जोडला, काही झालं नाही. संध्याकाळी डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकून चोळल्यासारखं होऊ लागलं. डोळे उघडेनात. धान पेरणारा सहा फुटी माणूस ओसरीत बसून ओक्साबोक्शी रडत होता.

त्याच्या आईनं भाऊंना फोन केला. भाऊ पहिल्या एसटीनं सानगडीला. त्यांच्या आधी घरच्यांनी कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवल्या होत्या. भाऊंनी त्या काढल्या, त्याला साकोलीला डॉक्टरकडे नेलं, औषध घालून आणलं, अंधाऱ्या खोलीत झोपवलं. दोन दिवसांत तो बरा झाला.

निघताना आईनं परातीतले उरलेले बटाटे दाखवून विचारलं, "भाऊ, हे डोळ्याच्या औषधाले कापले होते. आता भाजीले चालतीन का?"

भाऊ म्हणाले, "चालते माय. माह्या डोळ्यासाठी कापलेले मी वीस वर्षं खाल्ले."

देवानंदनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा भाऊ आतल्या बाजूला पत्रा कापत होते. मी त्यांचे डोळे पहिल्यांदा नीट पाहिले. पांढऱ्या भागात लाल बारीक शिरा, कडेला सतत पाणी. मी दर रविवारी त्यांना डोळे पुसताना पाहत होतो आणि धुरामुळे असेल असं धरून चाललो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

*

दुसरं हेल्मेट घ्यायला मी आणि भाऊ नागपूरला गेलो. हार्डवेअरच्या बाजारात मोठं दुकान. दुकानदार बोलका. त्यानं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवून मला दारात उभं केलं, उन्हाकडे पाहायला लावलं. काच काळी झाली.

"पापणी लवायच्या कितीतरी आधी काळं होते, साहेब!"

भाऊ म्हणाले, "मोजलं कोनं?"

तो कंपनीचं नाव सांगू लागला. भाऊंनी हेल्मेट हातात घेऊन काचेच्या वरची दोन काळी टिकलीएवढी भोकं दाखवली. ठिणगी ओळखणारे सेन्सर ते.

"गेटच्या पाइपाआड हे एक झाकलं गेलं त?" त्यांनी एकावर अंगठा ठेवला.

"दुसरा आहे ना भाऊ."

दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हा बी झाकला त?"

दुकानदारानं चार सेन्सरवालं काढलं. भाऊंनी चार बोटं चार सेन्सरवर ठेवली.

"आता?"

दुकानदार हात जोडून म्हणाला, "आता तुम्ही वेल्डिंग कोणत्या हातानं करणार, भाऊ?"

भाऊ हसले नाहीत, पण चारवालंच घ्यायचं हे ठरलं. मग दुकानदारानं सगळ्यात महागडं पुढे केलं, आत हवा खेळवणारा पंखा असलेलं. भाऊंनी ते बाजूला सारलं. "हे दिवसभर वेल्डिंग करनाऱ्याले. आमचे सर रविवारवाले हायेत."

आणि रविवारवाल्यासाठी काय हवं ते त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. नुसतं उन्हावर चालणारं नको. सहा दिवस कपाटात पडून राहतं, सातव्या दिवशी दगा देतं. बॅटरी आपल्याला बदलता येईल असंच. वजनाला हलकं. बटणं बाहेरून, हातमोजा घालूनही फिरतील एवढी मोठी. आणि काच रुंद.

"एका डोळ्यानं लांबी-खोली समजत नाई, सर. तुमाले रॉड टेकवाच्या आधी नीट दिसलं पायजे. बाकी लोकं हे आरामासाठी घेतेत, तुमाले नेम धराले पायजे."

मी बेचाळीस वर्षं एका डोळ्यानं चित्रं काढली. माझ्या डोळ्याबद्दल इतका बारकाईनं विचार कुणी केला नव्हता. परतीच्या एसटीत मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो, दोन्ही हातांनी धरून.

*

रविवार उजाडला. शिक्का होता, पट्टा घट्ट होता, नवी बॅटरी होती. लायटर दाबला, काच काळी. भाऊंनी हेल्मेट घातलं.

"मिटा!"

मी भिंतीकडे. चर्र आवाज आला. थांबला. मी वळलो. भाऊ हेल्मेट काढत होते आणि मान हलवत होते.

"नाई सर. यातही अंधारच हाय."

मी खाली बसलो. भाऊ माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "जाऊ द्या. मी देतो तुमची जाळी करून. अशी करतो, का तुमी केली का मी केली, कोनाले समजनार नाई."

"मला समजेल," मी म्हणालो.

तेव्हा मंगलाताई बोलल्या. त्या एरवी कामात असल्या की बोलत नाहीत.

"माहे बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होते. जमिनीच्या आत. पाळी संपली का वर याचे, अन् तोंडाशी डोळे मिटून उभे राहाचे, उजेड सहन होये नाई म्हनून. मी लहान होती, मले वाटे, आपल्याले पाहाचं नाई म्हनून मिटतेत. रिटायर झाल्यावर बी तसंच. घरातून आंगनात आले का उंबऱ्यावर आधी मिटत. उजेड काईच नसे, ढगाळ असे, तरी मिटत."

त्या भाऊंकडे वळल्या. मग त्यांना विचारलं, "भाऊ, आता हेल्मेटच्या आत तुमचे डोळे उघडे होते का?"

भाऊंना प्रश्नच कळला नाही. "मिटले होते ना. मिटा म्हटल्यावर मिटाच लागते!"

देवानंद म्हणाला, "त अंधारच दिसन ना, भाऊ!" आणि हसायला लागला. दोन क्षणांत त्याचं हसू आपोआप बंद पडलं, कारण भाऊ हेल्मेटकडे पाहत बसले होते. शरमलेल्या माणसासारखे.

"शिकत होतो तवा उस्तादानं कानफटात दिली होती," ते म्हणाले. "रॉड लागताना पाह्यलं म्हनून. त्या दिवसापासून रॉड लागला का मिटतो. स्क्रीन धरली असली तरी मिटतो, मंग उघडतो. चाळीस वर्षं झाले. रॉड लागतो तवा कसा दिसते, मले मालूमच नाई."

चाळीस वर्षं ज्यानं दिवसातून शेकडो वेळा ठिणगी पेटवली, त्यानं ती पेटताना एकदाही पाहिली नव्हती.

*

पुढचे तीन रविवार भाऊंचे डोळे उघडे ठेवण्यात गेले.

देवानंद म्हणाला, 'मिटा' म्हणू नका, दुसरं काही म्हणा. भाऊ "राम राम" म्हणाले. मिटलेच. मंगलाताईंनी सुचवलं, तुम्ही गप्प राहा, मी ओरडते. त्या ओरडल्या. भाऊ मिटलेच. चहावाल्यानं तर पलीकडून सल्ला दिला, पापणीला चिकटपट्टी लावा. मंगलाताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो आपल्या किटलीकडे परत गेला.

मशीन बंद ठेवून सराव केला. बंद मशीनवर भाऊ रॉड टेकवायचे तेव्हा डोळे टक्क उघडे. मशीन सुरू केली, तिचा घूं आवाज आला, की पापण्या खाली.

"मी मिटत नाई हो," ते अगदी काकुळतीनं म्हणाले. "ते मिटतेत."

तिसऱ्या रविवारी मलाच पाहवेना. मी उठलो, गॉगल चढवला, हेल्मेट उचललं. "भाऊ, राहू द्या. शिक्का आहे, लायटरवर काळं होतं, डॉक्टरबाई म्हणाल्या काच चांगली असली तर भाजत नाही. मीच घालून पाहतो."

गुलाबभाऊंनी माझ्या हातातून हेल्मेट हिसकावून घेतलं. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज रागानं चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"म्हंजे? तुमचा डोळा लावून पाहाचा का? एकच हाय न तो? माहे दोन कायले हायेत मंग?"

दारातला कुत्रा उठून शटरबाहेर गेला.

*

मग शेवटचं. त्याच दिवशी, त्याच्या लगेच पुढचं.

भाऊंनी हेल्मेट घातलं. मशीन लावली. भावाच्या मागासाठी मी आणलेल्या सळ्या टेबलावर पडल्या होत्या, त्यातलीच एक ओढली. या वेळी ते काहीच म्हणाले नाहीत. आम्ही आपणहूनच डोळे मिटले. मी भिंतीकडे तोंड केलं.

मिटल्या पापणीलाही मागचा उजेड कळतो. एकदा लखलखला, लगेच थांबला. भाऊ मिटले असणार. पुन्हा लखलखला, थांबला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मला वाटलं, आता ते हेल्मेट काढून टाकतील आणि माझं शिकणं संपलं. पाचव्यांदा लागलं आणि थांबलंच नाही. चर्र आवाज चालूच. अख्खा रॉड जळेपर्यंत चालू. मग शांतता.

मी वळलो. भाऊ तसेच बसून होते, हेल्मेट घालून, संपलेला रॉड हातात.

"भाऊ?"

त्यांनी हेल्मेट वर केलं. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं. मी धावत जवळ गेलो. मी म्हणालो, "दिपले का? भाजलं का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"पहिले एक बारकासा थेंब येते, सर," ते म्हणाले. "हिरवा. मंग तो पसरते. मंग लोखंड पान्यासारखं होते." हातातला रॉड डब्यात टाकून म्हणाले, "मले वाटे, हे मधूनच सुरू होते."

मंगलाताईंनी पदर डोळ्यांना लावला. देवानंद उगीचच सळ्या मोजू लागला.

भाऊ उठले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं हेल्मेट आतून पुसलं, घामाचा पट्टा पुसला, काच पुसली. माझा गॉगल सरळ केला. हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवून मागचा खटका एक एक दात फिरवत घट्ट केला. "हालते का?" "नाही." "आता?" "नाही." मग होल्डरमध्ये नवा रॉड लावून माझ्या उजव्या हातात दिला, डाव्या हातात सळी. माझ्या मनगटावर त्यांनी आपला हात धरला. हिरवट काचेतून मला सळीचं टोक दिसत होतं, जोडायची जागा दिसत होती, सगळं स्पष्ट.

भाऊंनी मान वळवून देवानंदकडे पाहिलं, मंगलाताईंकडे पाहिलं, पलीकडच्या चहावाल्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं खर्जात ओरडले, "मिटा!"

सगळ्यांनी मिटले. भाऊंनी स्वतःही मिटले. मग हेल्मेटजवळ वाकून अगदी हळू म्हणाले,

"तुम्ही मिटू नोका, सर."